सुई कुठून कुठे गेली

चहा उकळून उकळून अर्धा झाला, तरी थोरली गॅससमोरून हलेना. ओठ हलत होते. "ऑल्दो... ऑल्दो द ऑपरेटर वॉज ट्रेन्ड..." पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून.

शर्ट शिवायच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली होती. आता कुठे तिला लाइनची इनचार्ज करायचं चाललं होतं. अट एकच, परदेशी गिऱ्हाइकाकडून तपासणीला येणाऱ्या बाईंशी इंग्रजीत बोलायचं. ही अट घालणाऱ्यांना स्वतःला धड एक काज करता येत नव्हतं, पण अटी घालायला हात लागत नाहीत, तोंड पुरतं. तपासणी आज होती.

इंग्रजी शिकवलं धाकट्या जावेने. धाकटी त्याच लाइनवर कॉलर जोडायची आणि घरात सगळ्यात जास्त शिकलेली, याचा तिला भारी तोरा. स्वयंपाकघरातच शाळा भरायची. धाकटी पोळी लाटता लाटता विचारायची, "चमचा कुठाय?" आणि थोरली पाठ थोपटून घ्यायच्या आशेने म्हणायची, "स्पून इज इन द डबा."

"डबा?"

"ऑन द फळी."

"आणि तुमचा दीर?"

"अंडर द पांघरूण."

दोघी हसून हसून ओट्याला टेकायच्या. इन, ऑन, अंडर, बिहाइंड हे छोटे शब्द असे बसले. घोडं अडलं मोठ्या शब्दांपाशी. वाक्याला वाक्य जोडणारे, तोंडात मावत नाहीत असले. थोरलीला वाटायचं, ते घातल्याशिवाय इंग्रजी शोभत नाही. "आय अ‍ॅम हाउएव्हर हंग्री, देअरफोर गिव्ह पोळी," ती एकदा म्हणाली, तर धाकटीने लाटणंच खाली ठेवलं. "ताई, मीठ आहे का ते? दिसेल तिथे टाकता! आधी काय झालं, मग त्याच्यामुळे काय झालं, ते खरंच तसं झालं असेल तरच देअरफोर."

हे सगळं गेल्या आठवड्यापर्यंतचं. गेल्या आठवड्यात धाकटीच्या बोटातून सुई गेली.

आता धाकटी आतल्या खोलीत पडून होती. हात उशीवर उंच ठेवलेला, बोटाचं गाठोडं झालेलं. मॅनेजरने निकाल देऊन टाकला होता, बाईचा निष्काळजीपणा. दवाखान्याचं तिचं तिने बघावं आणि परत येऊ नये. आणि काल त्याने थोरलीला केबिनमध्ये बोलावून दोन वाक्यं तोंडी पढवली होती. कागदावर द्यायला तो काही दुधखुळा नव्हता.

"बाई विचारणारच अपघाताचं," तो म्हणाला. "तू एवढंच बोलायचं. पुढच्या महिन्यापासून तू इनचार्ज. तिचं कसं, ती तुझी जाऊ आहे म्हणूनच तुझ्या तोंडचं जास्त पटेल."

थोरली हो म्हणाली होती. नाही म्हणायला जीभच उचलली नव्हती. आणि आता ती वाक्यं गॅससमोर उभी राहून घोकत होती, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने.

"ऑल्दो द ऑपरेटर वॉज ट्रेन्ड, शी वॉज केअरलेस. देअरफोर द नीडल वेन्ट इन हर फिंगर."

"इन नाही," आतून आवाज आला.

थोरलीच्या हातातली सांडशी निसटली.

"थ्रू," धाकटी म्हणाली. आवाज अगदी रोजचा, पोळी लाटतानाचा. "इन म्हणजे नुसती आत. माझ्या नखातून शिरली आणि खालून बाहेर आली. सुईचं टोक मी डोळ्यांनी बघितलं. त्याला थ्रू म्हणतात."

थोरली दारात आली. धाकटी छताकडे बघत होती.

"अगं, ते मॅनेजरने..."

"म्हणजे काय, तुम्ही कशाला रचाल? तुम्हाला रचता आलं असतं तर मला महिनाभर घसा कशाला कोरडा करावा लागला असता?" धाकटीने मान वळवली नाही. "आणि ऑल्दो बरोबर लावलंय हो. चांगलं जमलंय. जा, उशीर होतोय."

शिव्या घातल्या असत्या तर थोरलीने उलट घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. ही शाबासकी घेऊन ती घराबाहेर पडली आणि रस्ताभर ती शाबासकी तिला खडा अडकल्यासारखी टोचत राहिली.

कारखान्यात वरवर सगळं लखलखीत होतं. तपासणीच्या दिवशी असतंच. शिलाई मशीनवर सुईच्या पुढे एक वाकवलेली तार असते, तिला गार्ड म्हणतात. ती बोटाला अडवते. ती कापडालाही थोडं अडवते, म्हणून तुकडे कमी निघतात, म्हणून मॅनेजरच्या हुकुमावरून मिस्त्री सगळे गार्ड काढून पत्र्याच्या डब्यात टाकतो. तपासणीच्या सकाळी डबा निघतो, गार्ड मशीनवर चढतात, संध्याकाळी परत डब्यात. नव्या पोरीला पहिल्या दिवशी संडास कुठे आहे ते सांगतात, तसंच हेही सांगतात. कुणाला यात पाप वाटत नाही. बोट जाईपर्यंत.

तपासणीच्या बाई साध्याच निघाल्या. सपाट चपला, गळ्यात चष्मा. मॅनेजर शेजारी उभा राहून हसत होता. असं हसू दुकानातल्या पुतळ्याला असतं. बाईंनी कामाच्या वेळा विचारल्या, पाण्याचं विचारलं, थोरलीने दिली उत्तरं. मग त्या धाकटीच्या मशीनपाशी थांबल्या. तिथे आता दुसरीच पोर बसवली होती.

"इथेच अपघात झाला ना? सांगा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, सावकाश.

थोरलीने श्वास घेतला. "ऑल्दो द ऑपरेटर वॉज ट्रेन्ड..."

बाई ऐकत होत्या, पण वाकून. त्यांनी मशीनवरून बोट फिरवलं. सुईच्या दांड्याला, कापड दाबणाऱ्या पट्टीला, सगळीकडे कापडाची करडी लव चिकटली होती. गार्डवर एक कण नव्हता. आरशासारखा स्वच्छ. त्या शेजारच्या मशीनपाशी गेल्या. तिथेही तेच. मिस्त्रीने गार्ड चढवले, पण मशीन पुसायचं राहिलं. घाई! चोरी करायची तर निदान नीट तरी करावी.

"हे एवढं स्वच्छ कसं?" बाईंनी विचारलं. मॅनेजरला नाही, थोरलीला.

हे पाठात नव्हतं. मॅनेजर पटकन म्हणाला, "वुई क्लीन एव्हरी डे," तर बाईंनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. मशिनं चालायची थांबली होती. सगळ्या पोरी माना खाली घालून कान देत होत्या. थोरलीच्या डोक्यात मोठमोठे शब्द गरगरले, हाउएव्हर, मोअरओव्हर, देअरफोर. एकही हाताला लागेना. आत्ता गप्प बसलं, एवढंच म्हटलं की माहीत नाही, तरी इनचार्जची खुर्ची हलणार नाही. हेही तिला लख्ख कळत होतं.

तोंडून निघाले ते स्वयंपाकघरातले शब्द.

"टुडे, ऑन द मशीन," ती म्हणाली. "एव्हरी डे, इन द डबा."

"डबा?"

"टिन. अंडर मिस्त्री टेबल. बिहाइंड द थ्रेड बॉक्स." हात आपोआप तिकडे वळला. मिस्त्री भिंतीला चिकटला. "नीडल वेन्ट थ्रू हर फिंगर. थ्रू. बिकॉज गार्ड वॉज इन द टिन."

तेवढं बोलून तिला रडू फुटलं. भीतीचं होतं ते, त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. बाईंनी जाऊन टेबलाखालून डबा काढला. डबा अगदीच रिकामा नव्हता. तळाशी दोन उरलेले गार्ड आणि मूठभर स्क्रू होते.

मॅनेजर तिच्या कानाशी आला. हसू तसंच. "घरच्यांचं भलं झालं का आता? बाहेर बाकावर बस. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

ती बसली. केबिनच्या काचेआड बाई बोलत होत्या, मॅनेजर हात हलवत होता, मालकाचा फोन चालू होता. एक शब्द बाहेर येत नव्हता. उद्या कामावर येता येईल का, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. धाकटीचा पगार आधीच गेला होता, आता स्वतःचाही बुडवला की काय आपण? नवऱ्याला काय सांगायचं? पदराचं टोक पिळून पिळून दोरी झाली होती.

दुपारी फाटकातून धाकटी आली. हात गळ्यात बांधलेला, केस विस्कटलेले.

"तू कशाला आलीस?"

"बाईंनी बोलावलं. गाडी पाठवली, ताई! मला वाटलं, तुम्ही बेशुद्ध पडलात." ती शेजारी टेकली. फाटकापासून इथवर तिला पोरींनी सगळं सांगितलेलं असणार. मग चांगल्या हाताने थोरलीच्या हातातला पदर सोडवून घेत म्हणाली, "ऑल्दो म्हणालात म्हणे आधी."

"अर्धंच म्हटलं गं."

"हं."

"आता मलाही काढतील बहुतेक."

"काढतील किंवा नाही काढणार," धाकटी म्हणाली. "सरका जरा. हात दुखतोय, टेकू द्या."

थोरली सरकली. धाकटीने बांधलेला हात तिच्या मांडीवर ठेवला. काचेआड मॅनेजर खुर्चीतून उठला आणि दाराची कडी वाजली.