मी धरला, पण सांगितलं कुणीच नाही

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी गुडघ्याला चढवायचा पट्टा आहे, काळा, जुना आणि मधोमध कापलेला. कापला कुणी, ते सांगतोच.

कोरियातल्या देगू शहरातल्या एका लहानशा कारखान्यात मला शिवलं. शिवणाऱ्या बाईनं मला ओढून पाहिलं आणि म्हणाली, "हा टिकेल." केवढी धन्यता वाटली मला! मग सुनचन शहरातल्या बाजारात बोंग सनहेनं मला विकत घेतलं. ती शहराच्या संघाकडून बॅडमिंटनची दुहेरी खेळायची. तिची जोडीदार ताक येरिन, वयानं धाकटी. सनहे मागून स्मॅश हाणायची, येरिन जाळीपाशी झडप घालायची. दोघींनी चषक जिंकले. पेपरात फोटो आला, त्यात मीही होतो, कोपऱ्यात का होईना!

पण गुडघा सुजायला लागला. ते सर्वांत आधी मला कळलं, कारण सकाळी सैल असणारा मी संध्याकाळी करकचून बसायचो. सनहे सगळ्यांना सांगायची, "काही नाही हो, थंडीपुरता घालते." कोच प्यो सरांना कळलं तर ते जोडी मोडून येरिनला दुसरीबरोबर उभी करतील, ही तिला धास्ती. मला धास्ती गुडघ्याची. मी आणखी घट्ट धरायचो. दुसरं काय करणार? मला तोंड कुठंय!

त्यात येरिनची एक खोड. शटल दोघींच्या मधोमध आलं की ती थांबायची. आमच्या कोरियात वयानं मोठ्या माणसानं चमचा उचलल्याशिवाय धाकटं माणूस जेवायला सुरुवात करत नाही. पोरीनं तीच रीत कोर्टवर आणली.

"अगं माझे आई, मधलं तू घे की! मुहूर्त बघत उभी राहतेस का?" सनहे एकदा म्हणाली.

"असं कसं ताई? तुम्ही असताना मी पुढे पुढे करू?"

"मग मी काय म्हातारी होईपर्यंत धावत राहू?"

येरिन खुदकन हसली. तिला वाटलं, ताई चेष्टा करतायत. सनहेही हसली. हसता हसताच तिनं मला आणखी वर ओढून घेतलं.

मग राष्ट्रीय संघाच्या निवडीचा शेवटचा सामना. तिसऱ्या गेममध्ये बरोबरी झाली. गुडघा आतून नुसता तापला होता. 'आता तरी सांग गं बाई!' मी मनात म्हणत होतो. सनहेनं टॉवेलनं तोंड पुसलं, येरिनकडे पाहिलं आणि "चल" एवढंच म्हणाली.

पुढचंच शटल मधोमध आलं. येरिन थांबली. सनहे झेपावली. आत काहीतरी तुटलं. मी सगळा जीव लावून धरलं हो, पण मी पडलो कापडाचा!

इस्पितळात सुजेमुळे मी निघेना, म्हणून नर्सनं मला कात्रीनं कापलं. येरिन रडत होती आणि चिडलीही होती.

"मला एकदा सांगायचं तरी, ताई! मी सगळं तुमच्यावर सोडलं असतं का?"

"आपली जोडी मोडली असती गं."

"मग आता काय झालं?"

त्याच वर्षी सनहेनं निवृत्ती घेतली. आता ती शाळेत मुलींना खेळ शिकवते.

मला येरिननं कचऱ्याच्या डब्यातून उचललं. तेव्हापासून मी तिच्या किटबॅगेच्या तळाशी आहे, ओल्या मोज्यांच्या शेजारी. वासाबद्दल न बोललेलं बरं. कामाचे दिवस आठवले की वाईट वाटतं.

आज तिचा नव्या जोडीदाराबरोबर पहिला सामना आहे. ही पांग दायन, येरिनहून लहान. मघाशी पाण्याची बाटली शोधताना येरिनचा हात माझ्यावर पडला. तिनं माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं दायनला जवळ बोलावलं.

"ऐक. मधलं शटल तुझं. आणि माझा खांदा दुखतोय. प्यो सरांना सांगून आलेय."

दायनचा चेहरा उतरला. "ताई, अहो, मग ते जोडी मोडतील की!"

"मोडू देत. रडू नकोस. तुझ्यापासून लपवणार नाही मी."

आता बाहेर सर डॉक्टरांशी बोलतायत. येरिनला खेळवायचं की बसवायचं, अजून ठरत नाहीये. माझा जीव टांगणीला लागलाय.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "काही नाही" म्हणत पट्टा चढवत असेल, तर त्याला पुन्हा एकदा विचारा. आम्ही पट्टे नुसतं धरून ठेवतो. विचारायचं तुम्हालाच आहे.