भरपगारी सुट्टी

विमलाने गोदूला शारदेच्या कडेवर दिलं. दीड वर्षाची पोर नव्या बाईच्या मंगळसूत्राशी खेळू लागली, रडली नाही. विमलाने गोदूच्या पायावरचा हात काढला नाही.

"काहून इतकी घाबरून राहिली वं?" शारदा हसली. "पगार वाढला, वरतून भरपगारी सुट्टी. आपल्या पाऱ्यात, साऱ्या वस्तीत, कोणाले भेटली आजवर?"

"हव," विमला म्हणाली.

गोदूची आई क्षमादीदी ऑफिसला निघता निघता म्हणाली होती, "विमलाताई, मला रजा मिळते, मग तुम्हाला का नको? आठवडाभर आराम करा. फक्त बदली बाई तेवढी देऊन जा."

चांगलंच बोलली होती. पण आधीच्या घरचेही असंच गोड बोलले होते. सुट्टी संपवून विमला परत गेली, तेव्हा दार उघडलं ते तिनेच दिलेल्या बदली बाईने.

तिने शारदेला खिमटी कशी करायची ते दाखवलं, गोदूची खेळणी, लंगोट, तेल सगळं दाखवलं. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली नाही. रात्री आईच्या कुशीत दूध पीत झोपणारी गोदू दुपारी एकाच युक्तीने झोपायची: तिचे दोन्ही तळपाय आपल्या पोटाशी दाबून धरले की.

"अन् दुपारी झोपवू कशी?"

"झोपते आपली," विमला चप्पल शोधत म्हणाली.

उरला वस्तीतल्या आपल्या खोलीत तिला आराम सोसवेना. कारखान्याची काळी भुकटी भांड्यांवर बसायची, ती पुसायची, पुन्हा बसायची. फोन वाजला की ती हातातलं फडकं टाकून धावायची. तिसऱ्या दुपारी, दीदीकडे विसरलेला डबा आणायचं निमित्त काढून ती ऑटोत बसली.

जिन्यातच गोदूचं रडणं कानावर आलं. विमलाला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली, आणि उरलेल्या पायऱ्या ती धावत चढली.

शारदेने दार उघडलं. केस सुटलेले, हातात भरलेला चमचा.

"काय व्हय हे?"

"सर्दीचं औषध. पोट्टे गुपचाप झोपतात यानं." शारदेचा आवाज फुटला. "माझ्यानं झोपतच नाही ही पोट्टी. दीदी रोज विचारते, झोपली का म्हणून. उद्या मले येऊ नको म्हटलं तं?"

"पाजलं का?"

"नाही वं, माय शपथ. आता देतच होती."

विमलाने चमचा मोरीत उलटा केला, मग बाटलीही. पलंगावरून गोदूने तिच्याकडे दोन्ही हात पसरले.

विमलाने आपले हात पाठीमागे नेले.

"बस," ती शारदेला म्हणाली. "भिंतीले टेक. घे तिले. आता तिचे पाय तुह्या पोटाशी धर. असे नाही, दाबून."

हुंदके लांबत गेले, विरले. गोदू डोळे मिटेपर्यंत विमलाकडेच बघत होती.

"पयलेच काहून नाही सांगितलं?" शारदेने दबक्या आवाजात विचारलं.

"डबा न्याले आली होती मी," विमला म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन बाहेर पडली.

जिन्यात थांबून तिने कान दिला. आत चिडीचूप होतं. डबा आतच राहिला होता. बेलपर्यंत नेलेला हात तिने तसाच मागे घेतला.