तिची बावीस पावलं

मी एक जुना पाइप आहे, रस्त्याखाली पुरलेला. मुकादमाची बायको गेल्याचं मला कळलं त्या दिवशी साहेब माझं झाकण शोधायला आले होते.

"मुकादम, वहिनींना विचारा की. त्यांना जागा ठाऊक असेल."

"ती गेली, साहेब. दोन महिने झाले."



मित्रांनो, रस्ता रुंद करायला खणला, तेव्हा मला टाकलं. रस्ता उघडा आहे तोवर रिकामा पाइप घालून ठेवायचा, म्हणजे पुढे केबलसाठी पुन्हा खणावं लागत नाही. केबल ओढायची दोरी माझ्यातून मुकादमाच्या बायकोने घातली आणि झाकणाखाली गाठ मारली. मुकादमाने दिव्याच्या खांबापासून माप घेतलं. ती मात्र दवाखान्याच्या पायरीपासून झाकणापर्यंत चालत आली.

"बावीस पावलं. लिहून ठेवा."

"तुझी पावलं लिहिली तर साहेब मला घरी बसवतील."

"बसा की. भांडी तरी घासाल."

पुढे तो खांबच हलवला. झाकणावरून डांबर गेलं. रस्ता किती छान झाला, असं सगळे म्हणाले. माझी आठवण कुणाला राहिली नाही. इतकी वर्षं वरून गाड्या जातात, आत फक्त ती दोरी.

आता दवाखान्याला केबल हवी आहे. म्हणजे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना इथले पेशंट पडद्यावर दाखवता येतील. साहेबांनी दोनच जागी रस्ता फोडायची परवानगी आणली. तेवढ्यात मी सापडलो नाही, तर अख्खा रस्ता पुन्हा खणायचा.

मुकादम पायरीपासून बावीस पावलं चालला. तिथे फोडलं. नुसती माती निघाली.

"तिचं पाऊल लहान असेल," साहेब म्हणाले. "केवढं होतं?"

"काय सांगू? बरोबर कधी चाललोच नाही. मी आपला नेहमी चार पावलं पुढे."

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. पायरीपासून लहान लहान पावलं टाकतो, थांबतो, मागे जातो, पुन्हा मोजतो. कधी नेमका माझ्या झाकणावर उभा राहतो. मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, काही पुरून ठेवाल तर हलणाऱ्या वस्तूची खूण धरू नका. आणि ज्याला जागा ठाऊक आहे, त्याच्यासोबत एकदा तरी त्याच्या चालीने चाला.

दुसरी जागा अजून फोडलेली नाही. तिने मारलेली गाठ अजून सोडायची आहे.