गप्प बसवलेली गुरगुर

सकाळी सव्वानऊ वाजता शिंपीमास्तरांच्या दुकानात गबाळ्या हा घरचा कुत्रा त्यांच्या वडिलांना चावला. कापायच्या टेबलाखाली पडलेला खडू उचलायला म्हातारे वाकले होते. उजव्या मनगटाच्या वर दोन दात रुतले. त्याआधी कुत्रा गुरगुरला नाही की भुंकला नाही, यावर घरातल्या सगळ्यांचे एकमत होते.

जखम बांधून घेऊन परतताच मास्तरांनी खाऊवाल्या बाईंना फोन केला. कुत्र्यांना शिकवणे हा बाईंचा धंदा. हात उगारायचा नाही, साखळीला हिसका द्यायचा नाही, हवे ते केले की लगेच खाऊ द्यायचा, ही त्यांची रीत. कमरेला उकडलेल्या कलेजीची पिशवी आणि मुठीत दाबली की टक् वाजणारी डबी घेतल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. त्यावरूनच हे नाव पडले होते.

मागच्या हिवाळ्यात मास्तरांनी त्यांना बोलावले ते गुरगुरीसाठीच. दुकान खाली, बिऱ्हाड वर, आणि कुत्रा दिवसभर टेबलाखाली. कोणी जवळ येऊन वाकले की तो गुरगुरायचा. गिऱ्हाईक एकच बाही घातलेल्या अवस्थेत दाराकडे पळायचे.

वाकणाऱ्या माणसांची त्याला भीती वाटते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले. ती घालवायचा रस्ता लांबचा होता. माणसाने दूर उभे राहून जरासे वाकायचे, कुत्र्याला खाऊ द्यायचा; मग थोडे जवळून, पुन्हा खाऊ. मास्तर म्हणाले होते, "ते होऊ द्या सावकाश. आधी याचं तोंड बंद करा. लग्नसराईचे दिवस आहेत." बाईंनी जवळचा रस्ता धरला. गुरगुर थांबली की टक्, आणि कलेजी. गबाळ्या हुशार होता आणि खादाडही. तो गप्प राहायला शिकला. भीती होती तिथेच राहिली. शांत बसलेल्या गबाळ्याचा व्हिडिओ बाईंनी नव्या लोकांना कौतुकाने दाखवलाही होता.

त्या पोहोचल्या तेव्हा मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडले.

"या. तुमचा विद्यार्थी वर कोंडलाय. पहिला नंबर काढलाय त्यानं."

"जनावरांच्या डॉक्टरांशी बोललो," मास्तर मशीनवरून म्हणाले. "इशारा न देता चावतो तो कुत्रा भरवशाचा नाही म्हणाले. उद्या सकाळी नेतोय त्याला. कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतात."

"गुरगुरला असता ना, तर मामंजींनी हात काढून घेतला असता," वहिनी म्हणाल्या. "पूर्वी लांबूनच सांगायचा बिचारा."

काय झाले ते बाईंना त्या क्षणी कळले. त्या म्हाताऱ्यांकडे वळल्या.

"बाबा, शेपटीवर पाय पडला असेल का तुमचा?"

म्हाताऱ्यांनी आठवून पाहिले. "पडलाही असेल. हल्ली खालचं दिसत नाही मला नीट. अरे, माझीच चूक दिसते."

"मग!" मास्तर उसळले. "या वयात टेबलाखाली शिरायचं कशाला? शंभरदा सांगितलं, खडू पडला तर हाक मारा. पण नाही! आता जीव जाणार त्या मुक्या जनावराचा."

म्हातारे खाली मान घालून बसले. बांधलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली घेतला. दुकानातले सगळे कापड अजून तेच कापत.

"काळजी घ्या," एवढे म्हणून बाई निघाल्या.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी त्या थांबल्या. चेहरा तापला होता. शेपटीची गोष्ट त्यांनी मनाने रचली होती आणि म्हाताऱ्यांनी ती निमूट अंगावर घेतली होती. मारून शिकवणाऱ्यांना त्या नेहमी नावे ठेवत. मार खाऊन गप्प झालेला कुत्रा कधी चावेल सांगता येत नाही, हे त्या प्रत्येक घरी सांगत. त्यांनी मारले नव्हते. फरक एवढाच होता.

त्या परत फिरल्या.

"काही विसरलात?" वहिनींनी विचारले.

"शेपटीचं खोटं आहे. ते मी सुचवलं. बाबांची चूक नाही, गबाळ्याचीही नाही. गुरगुरू नये म्हणून मी त्याला खाऊ दिला आणि भीती तशीच ठेवली."

मास्तरांनी मशीनवरचा पाय थांबवला. "पण तोंड बंद करा असं मीच म्हणालो होतो ना?"

"तुम्हाला कळत नव्हतं. मला कळत होतं."

"म्हणजे लोक काठीनं करतात," वहिनी म्हणाल्या, "ते तुम्ही कलेजीनं केलंत."

"हो."

"मग मघाशी काय तोंडात गुळणी धरली होती?" म्हातारे म्हणाले. "पोराच्या शिव्या खातोय मी इथं बसून."

"लाज वाटली, बाबा."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

मास्तरांनी दोरा तोडला. "ठीक आहे. मग परत गुरगुरायला शिकवा त्याला. गुरगुरला तर ठेवतो."

"ते असं शिकवून येत नाही, मास्तर. गुरगुरलं की माणूस मागे सरतो, कोणी रागवत नाही, हे त्याला पटावं लागेल. तोवर तोंडाला जाळी बांधायची आणि खाली आणायचं नाही."

"उद्यापर्यंत पटेल?"

"बहुतेक नाही."

मास्तरांनी मशीन पुन्हा चालू केले. बाई जिना चढून वर गेल्या.

संध्याकाळी सहा वाजता त्या वरच्या खोलीत, कुत्र्याकडे कूस करून, जमिनीवर बसलेल्या होत्या. एकदा त्या जागच्या जागी किंचित पुढे वाकल्या. गबाळ्याने मान फिरवली, ओठ चाटले आणि अंग भिंतीला चिकटवले. आवाज केला नाही. बाई मागे सरल्या.

"काही बोलला का?" वहिनींनी जिन्यातून विचारले.

"अजून नाही."

खाली मशीन चालू होते. दवाखान्यात घेतलेली सकाळची वेळ मास्तरांनी तोपर्यंत रद्द केलेली नव्हती.