पाच शोद्रे

आमचं आडनाव एका वेळी पाचच माणसांना पुरतं. सहावं माणूस त्यात आलं की आधीच्या पाचांतलं एक बाहेर पडतं आणि त्याचं भांडं होतं. कोणाचं कुठलं भांडं होईल ते आधी सांगता येत नाही. माझ्या काकांचं पातेलं झालं, वडिलांचं घंगाळ. दोघंही तशी साधी माणसं होती.

आडनाव शोद्रे. पोस्टातल्या माणसाला मी ते सांगते तेव्हा तो लिहिता लिहिता थांबतो आणि मान वर करून माझ्याकडे बघतो. हे बघणं मला फार आवडतं. आमच्या आळीत सतरा घरं कुलकर्ण्यांची आहेत, एकाला हाक मारली की सतरा खिडक्या उघडतात. शोद्रे म्हटलं की मीच, कुंदा शोद्रे. मला ह्याचा गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. लग्नही केलं नाही ते त्यासाठीच. इतकं दुर्मीळ नाव देऊन बदल्यात कुलकर्णी घ्यायला मी काय वेडी आहे?

नाव फ्रान्सचं. आमचा मूळ पुरुष तिकडून इथल्या संस्थानात तोफा ओतायला आला. त्याने घरोघरची तांब्यापितळेची भांडी गोळा केली. बायका रडल्या, पण त्याच्या सोबत शिपाई होते. सगळी भांडी वितळवून एक तोफ झाली आणि पहिल्याच दसऱ्याला ती फुटली. मूळ पुरुष रातोरात पळाला. आडनाव मात्र तोफखाना आळीतल्या एका बाईच्या पोटात राहिलं, आणि आम्ही सगळे तिथून.

आमच्याकडे नियम साधा आहे. जो नवं नाव देतो, त्याच्या मनात त्या क्षणी जो चेहरा असेल तो माणूस जातो. भाऊ रघुवीर जन्मला तेव्हा आमच्या आत्याने बारशाला त्याच्या कानात नाव सांगितलं, आणि काका गेले. आत्याचं आणि काकांचं कधी पटलं नव्हतं. लंगड्या पायाचे काका लंगडं पातेलं झाले, ओट्यावर ठेवलं की डावीकडे डुगडुगायचं. त्यांच्यावर नाव घालून घ्यायचं राहिलं. शेजारच्या बेलसरे काकू तेव्हा नव्या नवरी होत्या, त्यांनी ते सत्यनारायणाच्या शिऱ्याला मागून नेलं. अडतीस वर्षं झाली. मागायला गेलं की काकू म्हणतात, "नाव दाखवा, घेऊन जा." म्हणून आमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी केशव तांबटाला बोलावतात. तो छिन्नी-हातोडी घेऊन येतो, काठावर नाव आणि तारीख घालतो, चहा पितो आणि जातो.

वडिलांचं सांगते. रघुवीरचं लग्न ठरलं, शैला शोद्रे होणार म्हणजे एकाला जाणं भाग होतं. ताटातल्या तांदळात बायकोचं नाव लिहिताना रघुवीरने माझ्याकडे बघायचं, असं घरात ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी भिंतीआडून ऐकलं. ऐन वेळी मी सरकून वडिलांच्या मागे उभी राहिले. रघुवीरने मान वर केली तेव्हा त्याला वडील दिसले. आता बारा वर्षं शैला त्यांना रोज चिंचेने घासते आणि त्यांच्यात आंघोळीचं पाणी काढते. पाणी फार लवकर कोमट होतं. ते माणसात होते तेव्हाही तसेच होते.

शैलाला आधी दोन मुलं झाली. आमच्याकडे नाव नसलेल्या मुलाला आवाज नसतो. तोंड उघडून ते रडतं, लालबुंद होतं, ऐकू काही येत नाही. बाराव्या दिवशी दिवेलागणीपर्यंत नाव मिळालं नाही तर त्याची वाटी होते. नाव सांगायचं आत्याने, म्हणजे मी. दोन्ही वेळा मी बारशाच्या दिवशी आजारी पडले. माझ्या मनात कोणाचा चेहरा येईल ह्याची घरातल्या सगळ्यांना इतकी धास्ती होती की कोणी मला फार आग्रह केला नाही. फडताळात दोन चांदीच्या वाट्या आहेत. त्यांत लोणचं वाढायचं नाही, एवढंच शैलाने सांगून ठेवलं आहे. मी एकदा विसरले होते.

मग तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पॅरिसहून पत्र आलं. तिकडे आडनावांची शिरगणती करणारी कुठलीशी कचेरी आहे. रघुवीरने ते वाचून दाखवलं.

"आपले आडनाव अत्यंत दुर्मीळ आहे. आजमितीस जगात पाच माणसे. मूळ अर्थ, लहान कढई."

"लहान कशाने?" आई म्हणाली. "तुझे वडील चांगले दोन घागरी पाण्याचे आहेत."

पण मी "पाच"वर अडले. घरात आम्ही चार. आई, मी, रघुवीर, शैला. आजवर आम्हाला वाटायचं की नाव चौघांनाच पुरतं. पाचवी तिकडे बसली होती. मादाम जर्मेन शोद्रे, वय एक्क्याण्णव, मुक्काम वृद्धाश्रम. खाली फोन नंबर होता.

घरात इतका आनंद दिवाळीतही झाला नव्हता. एक्क्याण्णव! आईने देवापुढे साखर ठेवली. रघुवीर रोज सकाळी पेपर उघडून फ्रान्समधलं हवामान बघायचा आणि थंडी पडली की चहाला आलं जास्त घालायला सांगायचा. चार महिने गेले. म्हातारी काही मरेना. शैला बाळंत झाली, मुलगी झाली.

ती मुलगी मी पहिल्या दिवशी हातात घेतली आणि तिने माझं बोट धरलं. आधीच्या दोघांना मी हातही लावला नव्हता. ही पोर बिनआवाजाची रडत होती, बोट सोडत नव्हती, आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? मला ती पोर हवी होती. तिला वाटी होऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. आणि मीही भांडं व्हायचं नाही, हेही.

घरातल्यांना दुसरा मार्ग सोपा वाटला. चौथ्या दिवशी रघुवीर केशव तांबटालाच घेऊन आला. केशव बिजवर, माणूस सरळ.

"ताई, तू ह्याच्याशी लग्न कर," रघुवीर म्हणाला. "तू तांबट झालीस की जागा रिकामी. कोणाला काही होणार नाही."

"शेहेचाळीस वर्षं सांभाळलेलं नाव ह्या छिन्नीवाल्यासाठी टाकू? तूच कर त्याच्याशी."

"बरं," केशव म्हणाला. तो रागावला नाही. "तुमची मर्जी. नाव घालायला मात्र मलाच बोलवा."

"मग आईनं जावं," मी म्हटलं.

आई पलंगावरून म्हणाली, "मी नाही जायची. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आत्ता कुठे नीट दिसायला लागलंय, तर म्हणे जा!"

शैला वडिलांना घासत होती.

त्याच दुपारी मी फ्रान्सला फोन लावला. म्हातारीने स्वतःच उचलला. ती फ्रेंचमध्ये बोलत होती आणि मला मराठीत ऐकू येत होतं. आडनाव एक असलं की एवढं व्हायचंच.

"किती उरलात?" तिने विचारलं.

"चार."

"मी एक. बाळ झालंय ना? इथे माझ्या फडताळातली भांडी वाजायला लागलीयेत. बावीस आहेत."

"आजी, तुमचा एक फोटो पाठवाल का? घरातलं मोठं माणूस म्हणून भिंतीवर लावू म्हणते."

ती बराच वेळ हसली. मग खोकली. "पाठवते की. आनंदाने पाठवते. पोरी, तुझ्या आधी इथल्या तिघींनी मागितला होता."

फोटो दहाव्या दिवशी आला. मी तो न्हाणीघरात जाऊन, कडी लावून उघडला. फोटोत मी होते. नाक माझं, वरच्या ओठावरचा तीळ माझा, डावी भुवई माझ्यासारखीच जराशी वर चढलेली. फक्त वर पंचेचाळीस वर्षांच्या सुरकुत्या होत्या. घंगाळातलं पाणी हललं. "तुम्ही गप्प बसा," मी वडिलांना म्हटलं.

मी घाबरले, पण हातपाय गाळले नाहीत. सुरकुत्या तर माझ्या नव्हत्या ना? मग सुरकुत्याच धरायच्या. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. डोळे मिटून एकेक सुरकुती पाठ केली. कपाळावरच्या सात, डोळ्यांपाशी पाच-पाच, ओठांभोवतीच्या बारीक, चुण्या घातल्यासारख्या. बाराव्या दिवशी दुपारपर्यंत मला तो चेहरा असा पाठ झाला की मनात आणला की आधी सुरकुत्या यायच्या आणि मी मागे कुठेतरी राहायचे.

बारशाला आळीतल्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजल्या होत्या, वास सगळ्या घरात होता. पोरीला पाळण्यात ठेवलं. ती तोंड उघडून रडत होती आणि खोलीत फक्त बांगड्यांचा आवाज होता. रघुवीर कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत नव्हता. आईने चष्मा काढून ठेवला होता, म्हणजे माझ्या नजरेत येणार नाही असं तिला वाटत असावं.

"वन्सं," शैला म्हणाली, "दिवेलागण होत आली."

"आले," मी म्हटलं. "ह्या वेळी मी आजारी नाही."

"ते दिसतंय."

मी वाकले. पोरीच्या कानाशी तोंड नेलं. डोळे मिटले. सुरकुत्या आल्या, सगळ्या, जागच्या जागी. म्हातारी स्पष्ट दिसत होती. मी मनात म्हटलं, जा बाई, खूप जगलीस. आणि "कुर्रर्र" केलं.

आता आमच्या इकडची रीत अशी, की आत्याने कुर्र केलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. थट्टेचा प्रकार, सगळ्या हसतात. ही रीत मी विसरले होते. माझ्या पाठीत आजवर कोणी धपाटा घालायची वेळच आली नव्हती. बेलसरे काकूंनी एक हलकाच घातला. मग शैलाने घातला. त्यात बारा वर्षं होती आणि दोन वाट्या होत्या. त्या धक्क्याने कपाळावरच्या सातच्या सात सुरकुत्या गळून पडल्या, मग डोळ्यांपाशीच्या, मग ओठांच्या. मला थांबता आलं नाही. नाव जिभेवरून निघालं होतं.

"रेवा रघुवीर शोद्रे."

मनात नितळ, नीट, शेहेचाळीस वर्षांचा चेहरा होता.

पोरगी रडली. पहिल्यांदा आवाज आला, असा खणखणीत की बायका दचकल्या. मी सरळ व्हायला गेले आणि फरशीवर टण्णकन आपटले.

"ताई कुठंय?" रघुवीरने विचारलं.

आईने चष्मा लावला, वाकली आणि मला उचललं. इकडून तिकडून फिरवलं. "मला वाटलं तांब्याची होईल," ती म्हणाली. "पितळी तपेली झाली. बरी जाड आहे."

"आतून कल्हई आहे का बघा," शैला म्हणाली.

"आहे. चांगली आहे."

"मग द्या इकडे. घुगऱ्या काढायला भांडं कमीच पडत होतं."

घुगऱ्या कढत होत्या. मी ओरडले. झाकण ठेवल्यावर वाफ कोंडते तेवढाच आवाज झाला.

रघुवीर दारात घुटमळत होता. त्याचे डोळे भरले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "केशवला बोलावतो," तो म्हणाला. "आजच्या आज नाव घालून घेऊ."

"पोरीच्या बारशादिवशी घरात ठोकाठोक कशाला?" शैला म्हणाली. "उद्या घालू."

"पण नाव नसलं की..."

"उद्या."

बायका निघाल्या. बेलसरे काकू दारापाशी थांबल्या. "अगो शैला, घुगऱ्या न्यायला डबाच आणला नाही बघ मी."

"ही तपेली न्या की," शैला म्हणाली. मला दोन्ही हातांनी उचलून तिने काकूंच्या हातात दिलं, वर ताटली झाकली, आणि काठावरून एकदा बोट फिरवलं. काठ कोरा होता. "सावकाश आणून द्या. घाई नाही."

काकूंनी मला पदराखाली घेतलं. उंबऱ्यावर असताना आत फोन वाजला. रघुवीरने उचलला, थोडा वेळ ऐकलं.

"चार," तो म्हणाला.

मागे रेवा रडतच होती. अंगण ओलांडेपर्यंत मला ते ऐकू येत होतं. मग काकूंनी त्यांचं दार लावलं.

त्यांनी दिवा लावला आणि मला ओट्यावर टेकवलं. शेजारी एक जुनं मोठं पातेलं होतं. माझा धक्का लागला तसं ते डावीकडे डुगडुगलं.