गुडघ्याची साक्ष

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा हट्टही नाही. पण माणसाचा गुडघा बोलताना मी या दोन कानांनी ऐकलाय. अगदी घडाघडा.

मुलींच्या फुटबॉल संघात नव्यानं आलेल्या तिघी जर्सीचं माप द्यायला दुकानात आल्या, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं. शिंप्याचं एक बरं असतं. गिऱ्हाईक हात पसरून उभं असतं, त्याला पळून जाता येत नाही. माझी पुतणी कोपऱ्यातल्या मशीनवर जर्स्यांच्या पाठीला आकडे शिवत बसली होती. सगळे तिला भिंगरी म्हणतात. गोष्ट तिचीच होती, पण तिनं मान काही वर केली नाही.

“बोलतो म्हणजे? कुरकुरतो का?” तिघींतली सगळ्यात उंच मुलगी म्हणाली. ती गोलकीपर. तिच्या खांद्याचं माप घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं होतं.

“कुरकुरतात ते म्हाताऱ्यांचे. हा बोलला. हलू नकोस, सांगतो.”

दोन वर्षं होत आली त्याला. भिंगरी चेंडू घेऊन पळता पळता अशी गर्रकन वळायची, की समोरची खेळाडू तिला शोधत थेट स्टँडपर्यंत जायची आणि तिथे प्रेक्षकांना विचारायची, इकडून कुणी गेलं का? त्या दिवशीही भिंगरी वळली. कुणी धक्का दिला नाही की मध्ये पाय घातला नाही. अंग वळलं, पण उजवा बूट गवतात रुतून तिथेच राहिला, आणि दोघांच्या ओढाताणीत मधल्या गुडघ्याचा जीव गेला. फट्ट आवाज झाला. मैदान इथून दोन गल्ल्या लांब. पण त्या आवाजानं माझ्या मशीनची सुई मोडली.

“काहीतरीच, काका!”

“मोडकी सुई अजून डबीत आहे. दाखवू?”

कुठल्या शिंप्याच्या डबीत मोडकी सुई नसते? पण मुलींना ते सुचलं नाही.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. गुडघ्याच्या आत दोन बंध असतात, फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले. त्यातला पुढचा तुटला होता. तुटलेली टोकं नुसती जोडून भागत नाही म्हणे. मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी पट्टी काढायची, दुमडून जाड करायची, हाडांना भोकं पाडायची आणि ती त्यातून ओवायची. माझे कान टवकारले. हे तर आमच्याच धंद्यातलं!

“आणि पक्कं कशानं करता?” मी विचारलं.

“खालच्या टोकाला स्क्रू. वरच्या टोकाला बटण.”

“बटण?”

“छोटं, धातूचं. हाडाच्या बाहेरच्या बाजूला अडकून बसतं.”

“मग काज कोण करतं?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भिंगरीची आई, म्हणजे माझी वहिनी, शेजारी डोळे पुसत बसली होती. ती रडायची थांबली आणि म्हणाली, “भावजी, पोरीचा पाय आहे तो. सदरा नाही.”

शस्त्रक्रिया झाली आणि भिंगरी फिजिओबाईंच्या ताब्यात गेली. त्यांची खोली म्हणजे एक मोठा आरसा, निळी चटई, जाग्यावरच फिरणारी सायकल आणि जमिनीवर चिकटवलेली एक पांढरी पट्टी. पहिला महिना काम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मैदान गाजवणारी मुलगी आणि कुस्ती टॉवेलशी! तिनं असे दाबले, असे दाबले, की तीन टॉवेलांचं परत सूत झालं. त्याचा मी बनियन विणून घेतला.

“आत्ता घातलाय का?” गोलकीपर म्हणाली.

“धुवायला टाकलाय.”

दर रविवारी मी तिच्या दोन्ही मांड्या मापायचो. डावी होती तशी. उजवी चार सेंटिमीटरनं उतरली. इतकी बारीक झाली, की तिच्याभोवती टेप गुंडाळून उरलेल्या टेपेत माझी मान मापून व्हायची. मग हळूहळू अर्धा, पाव, पुन्हा अर्धा, असं करत मांस परत यायला लागलं. तिसऱ्या महिन्यात दुखायचं थांबलं. भिंगरी जिने चढायला लागली, घरात चेंडू आणायला लागली. मी म्हटलं, झालं! शिलाई बसली!

“काका, आत्ताच जपायचंय,” फिजिओबाई म्हणाल्या. “दुखणं थांबतं ना, त्याच सुमाराला आतली पट्टी सगळ्यात कच्ची असते.”

याचं मला अजून नवल वाटतं. मांडीतून आणलेली पट्टी नव्या जागी आधी मऊ पडते. मग तिच्यात सावकाश रक्त शिरतं. आपण आता मांडीचे राहिलो नाही, गुडघ्याचे झालो, हे तिला कळायला नऊ महिने तरी लागतात. कापड धुतल्यावर आटतं, ताणल्यावर सैल पडतं. पण आपलं काम बदललंय हे शिकणारं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“आणि घाई केली तर?” मी बाईंना विचारलं.

“तर पुन्हा तुटेल. दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा घेऊन परत खेळायला आलेल्या फार थोड्या पाहिल्यात मी.”

हे भिंगरीनंही ऐकलं होतं. पण सातवा महिना संपला, अंतिम सामना तीन आठवड्यांवर आला, आणि तिच्या कानांनी काम करायचं सोडलं. कोच म्हणाले, बाईंनी ‘हो’ लिहून दिलं तर घेतो.

बाईंची परीक्षा अशी. एका पायावर उभं राहायचं, पुढे लंगडी उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. चांगला शंभर गेला तर दुखऱ्यानं नव्वद तरी जायला हवं. आता भिंगरीचा उजवा काही केल्या एकशे अठ्ठावीस सेंटिमीटरच्या पुढे जात नव्हता.

परीक्षेच्या सकाळी भिंगरी आणि मी निघालो. गल्लीत पाइपासाठी चर खणला होता. मी फळी शोधतोय, तोवर भिंगरीनं डाव्या पायावर एकाच लंगडी उडीत तो ओलांडलासुद्धा! टेप गळ्यातच होती. मापलं. टेप दीडशेला संपली, पुढे वीत लावावी लागली. एकशे सत्तर.

आणि बाईंच्या खोलीत, तासाभरानं, तोच डावा पाय किती गेला? एकशे चाळीस!

“दमली असेल,” दुसरी एक मुलगी म्हणाली.

“दमली कसली! डाव्यालाच मागे खेचलं, म्हणजे उजवा आपोआप बरा दिसतो!” गोलकीपरनं कपाळावर हात मारला. त्या भानगडीत माझी टेप खाली पडली.

अगदी बरोबर. एकशे चाळिसाला एकशे अठ्ठावीस, म्हणजे शंभराला एक्याण्णव. पास! बाईंनी पेन उचललं. आणि तेवढ्यात त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डाव्या गुडघ्याला कान लावला. गुडघा म्हणाला, “बाई, सकाळी चरावरून मी एकशे सत्तर गेलो होतो. इथे मला दाबून धरलंय.”

मुली खो खो हसल्या. मशीनचा आवाज तेवढा चालू होता.

बाईंनी डावा पाय पुन्हा उडवायला लावला. “या वेळी खरी मार,” म्हणाल्या. एकशे अडुसष्ट. कागदावर ‘नाही’ आलं. अंतिम सामना आम्ही एका गोलनं हरलो आणि ही बाकावर बसून नखं खात होती. बाईंचं नाव काढलं की घरात भांडी आपटायची. पण अकराव्या महिन्यात मैदानात उतरली ती उतरलीच. मागचा अख्खा मोसम खेळली, गर्रकन वळली, आणि गुडघा जागच्या जागी.

“पण काका,” गोलकीपर म्हणाली, “गुडघा चुगली करत होता तेव्हा हिनं त्याचं तोंड का नाही दाबलं?”

“ती कुठे होती तिथे! ती पाणी प्यायला बाहेर गेली होती.”

बोललो आणि जीभ चावली.

“ती बाहेर,” गोलकीपर सावकाश म्हणाली, “मग गुडघा आत कसा?”

मी वाकून टेप शोधू लागलो. ती माझ्याच पायात होती, तरी शोधत राहिलो. कोपऱ्यातलं मशीन थांबलं. भिंगरी अर्धा शिवलेला आकडा हातात धरून उभी राहिली.

“त्या सकाळी चरापाशी आपण दोघंच होतो, काका. गुडघा नाही बोलला, तुम्ही बोललात! आणि मी वर्षभर त्या बिचाऱ्या बाईला बघून रस्ता बदलतेय!”