चौथऱ्याची सुनावणी

"या खुर्च्या ज्यानं बनवल्या, त्याला देवानं पाठच दिली नव्हती वाटतं," म्हातारी पुटपुटली.

सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळपासून हेच चाललं होतं. आधी जिन्याला नावं ठेवून झाली, मग पंख्याला. पंखा फिरत होता खरा, पण वारा देणं हेही आपलंच काम, असं त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. सून मनात म्हणत होती, वैतागा आई, आणखी वैतागा, आणि बाहेर जाऊन बसा. कारण सासू खोलीत होती तोवर तिला बोलायचं होतं ते बोलता येणार नव्हतं. आणि न बोलता घरी जावं, तर चौथरा हातचा गेलाच.

नगर कचेरीतली सुनावणीची खोली. एकुलत्या एका खिडकीपुढे कुणी तरी लोखंडी कपाट सरकवून ठेवलेलं. दार उघडं होतं, पण दारात इतकी माणसं उभी की त्याचा भिंतीपेक्षा जास्त उपयोग नव्हता.

चौथरा जुन्या खाणीच्या तोंडावरचा. खाणीत पाणी घुसलं त्या वर्षी जे गेले, त्यांची नावं त्यावरच्या काळ्या दगडात कोरलेली. त्यातलं एक सुनेच्या नवऱ्याचं, म्हणजे म्हातारीच्या मुलाचं. दर रविवारी सून तिथे झाडू घेऊन जायची. कुणी नावांवर चहाचे कागदी कप ठेवून गेलेलं असे, कुणी स्कूटर टेकवलेली असे. ती कप उचलायची, स्कूटरवाल्याला आईबहिणीची आठवण करून द्यायची आणि घरी येऊन शाळेचे गणवेश शिवायला बसायची.

आता तिथे खाण्यापिण्याचा मोठा बाजार उठणार होता. दगड उचलून नव्या बागेत नेणार. खाणीच्या तोंडावर उंच इमारतीला परवानगी नाही, म्हणून नेमकी त्या जागी स्वच्छतागृहं, आणि त्यांची मैल्याची टाकी जमिनीत.

"काकू, उलट आम्ही मान वाढवतोय," बिल्डरचा माणूस रंगीत फलक दाखवत म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. आवाजात साखर होती एवढंच. "बागेत दिवे, कारंजं, बसायला बाक. इथे आहे काय? नुसता दगड. दगड काय, कुठेही बसतो."

"तू बसून दाखव आधी या खुर्चीवर," म्हातारी म्हणाली. मागे दोघंतिघं हसले.

अधिकारी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी झाडांबद्दलची हरकत लिहून घेतली, वाहनांच्या गर्दीबद्दलची लिहून घेतली. "भावना मला कळतात हो," त्या म्हणाल्या, "पण भावनेवर मला प्रकल्प अडवता येत नाही. ठोस कारण द्या. चौथरा तिथेच का हवा? बागेत का नको?"

सुनेच्या शेजारी पंपमामा बसला होता. खाणीच्या पंपावर नोकरी केलेला, म्हणून साऱ्या गावाचा पंपमामा. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच म्हातारीकडे दाखवलं. त्यानं मान खाली घातली.

ठोस कारण दोघांकडेही होतं.

दुर्घटनेनंतर काही महिन्यांनी पंपमामा तिच्याकडे दोन पँटी कमरेत आत घ्यायला आला होता. माणूस अर्धा झाला होता. तिची टेप त्याच्या कमरेभोवती असतानाच तो बोलून गेला. पंप मध्येच बंद करायला लावले, पाणी उपसलंच नाही. खाली कुणी उतरलं नाही. 'उघडू नका, बघवणार नाही' असं बजावून घरोघरी ज्या बंद पेट्या दिल्या, त्यांत नुसता चिखल नि दगड भरले होते. तिनं माप लिहिलं ते चुकीचं, आणि त्या पँटी त्याला पुढे कधी बसल्या नाहीत. बदलूनही मागितल्या नाहीत त्यानं.

हळूहळू तिला कळलं की घरोघरच्या बायकांना, बहिणींना हे कुणी ना कुणी सांगितलंय. सांगितलं नव्हतं ते फक्त आयांना. म्हातारीनं त्या पेटीला मिठी मारून पोराला निरोप दिला होता, आणि मगच चार घास खाल्ले होते. त्याच पोराला तिच्यासमोर दुसऱ्यांदा मारायचं? कुठल्या तोंडानं?

"आई," ती कुजबुजली, "बाहेर व्हरांड्यात जरा हवा आहे. बसता का?"

"मी काय वाळत घालायचं धुणं आहे?"

"पाणी प्यायचंय का? गोळीची वेळ झाली असेल."

"गोळी संध्याकाळची. तूच देतेस ना रोज?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "आणखी काही नसेल तर—"

"आहे," सून उठली. सगळ्या माना वळल्या. सासूला देऊ केलेलं पाणी आता तिलाच हवं होतं. "ते... म्हणजे, तिथे आम्हाला सवय झालीय यायची." हे काय बोलतेय आपण? "आणि बाग फार लांब आहे."

"बस आहे की बागेला," बिल्डरचा माणूस हळुवारपणे म्हणाला.

मॅडम कागद गोळा करू लागल्या. सून उभीच राहिली. बसावं तर हरलो, बोलावं तर या बाईला आपल्या हातानं संपवलं.

तेवढ्यात तिच्या मनगटाला सासूचा हात लागला. म्हातारी तिच्या आधारानं उठत होती. खुर्ची करकरली, पण या वेळी ती खुर्चीला काही बोलली नाही.

"घाबरू नकोस गं," ती म्हणाली. "मी समजत होते तुला ठाऊक नाही. म्हटलं, पोरीला निदान पेटीचा तरी आधार आहे, राहू दे. आणि तू मला जपत बसलीस. दोघी वेड्या."

मग तिनं टेबलाकडे तोंड केलं.

"मॅडम, लिहा. पेटीत माती होती. त्या रात्री माझ्या नवऱ्याला झोप लागल्यावर उघडून पाहिली होती मी, आणि परत बंद केली. माझा मुलगा त्या चौथऱ्याखाली आहे. सगळेच आहेत. वर कुणाला काढलंच नाही."